टाचेच्या मशीनवरचा टी-स्कोअर म्हणजे डेक्सा नव्हे

‘शिबिरात टाचेच्या मशीनवर टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस पक्का’ हा समज बरीच वर्षं फिरतोय. टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा; ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

शिबिरातली ही मशीनं बहुधा अल्ट्रासाउंडची असतात. हाडातून ध्वनिलहरी कशा जातात, तेवढं ती मोजतात. डेक्सा ही हाडांची घनता मोजायची तपासणी; तिच्यात दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण सोडतात. हाड आणि मांस ते कमीजास्त शोषतात आणि त्या फरकावरून हाडातल्या खनिजाचा हिशेब लागतो. उणे २.५ ही रेघ डेक्साची आहे: कमरेचे मणके, खुबा, गरज पडल्यास मनगटाच्या वरचं हाड. टाचेला ती लावता येत नाही.

रिपोर्टच बघा. ‘एल१-एल४’ (कमरेचे मणके), ‘फीमर नेक’ (खुब्याजवळची मांडीच्या हाडाची मान) लिहिलं असेल तर डेक्सा. ‘कॅल्केनियस’ (टाचेचं हाड), ‘एसओएस’ (ध्वनीचा वेग), ‘बीयूए’ (हाडातून जाताना ध्वनी किती क्षीण होतो ते) असेल तर टाच.

टाचेचा आकडा कमी आला तर तो झटकून टाकू नका, पण त्यावरून गोळ्याही सुरू करू नका. डॉक्टरांना विचारून डेक्सा करा. उतारवयात मणक्यांची झीज होऊन हाडाची टोकं वाढतात आणि मणक्यांचा आकडा खोटाच चांगला दिसतो, म्हणून खुब्याचाही घ्याच. पुढची तपासणी शक्यतो त्याच मशीनवर.