बाक कुणाच्या मापाचा?

"सर, पाय भुईला टेकंना झाल्यात."

कार्यशाळेच्या तासाला नववीतली एक मुलगी असं म्हणाली आणि त्या दिवशीचा ठरलेला पाठ बाजूला राहिला. ती बसली होती ते स्टूल जुनं, सागवानी, भक्कम होतं. सांधे पक्के, पाय चारही भुईला टेकलेले. फक्त मुलीचे दोन टेकत नव्हते. मांडीखाली स्टुलाची कड रुतायची, म्हणून ती पुढे सरकायची, आणि तास संपेपर्यंत अर्धी बसलेली, अर्धी उभी असायची.

मी कोल्हापुरात शाळेतल्या मुलांना वस्तू घडवायला शिकवतो. लाकूड, प्लाय, पत्रा, थोडं चामडं. करवत कशी धरायची, सांधा कसा जुळवायचा, हे आम्ही मन लावून शिकवायचो. वस्तू कुणाच्या शरीरासाठी आहे आणि तिला सामान किती लागतं, हे दोन प्रश्न मात्र वेळ उरला तर घ्यायचो. त्या स्टुलानंतर ते पहिल्या तासाला आले. आता तर मला वाटतं, एकाचं उत्तर दुसऱ्याशिवाय मिळतच नाही.

आधी शरीराचं बघू. गुडघ्याच्या मागच्या खळीतून पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. तळवे जमिनीवर नसले की लोंबत्या पायांचं वजन बैठकीच्या कडेवर येतं आणि मांडीची खालची बाजू दाबली जाते. मग पायाला मुंग्या येतात. बैठक फार बुटकी असली तर उलटा त्रास होतो. गुडघे वर येतात, कमरेचं हाड मागे कलतं, पाठीच्या खालच्या भागातली नैसर्गिक कमान सपाट होते आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर पुढच्या बाजूने दाब वाढतो. पोर चुळबुळ करतं म्हणून आपण त्याला दटावतो. पुष्कळदा ते पोर नीट बसायची जागा शोधत असतं.

कामाची मांडणी शरीराला साजेशी करण्याच्या या शास्त्राला एर्गोनॉमिक्स म्हणतात. ग्रीकमध्ये 'एर्गॉन' म्हणजे काम, 'नोमोस' म्हणजे नियम. पोलंडमधले निसर्गअभ्यासक वोयचेख यास्तशेंबोव्स्की यांनी हा शब्द १८५७ मध्ये वापरला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये तो पुन्हा घडवला गेला आणि रूढ झाला. आपल्याकडे शब्द नव्हता, पण रीत होती. वीत, हात, बोट ही मापंच मुळात शरीराची. खोऱ्याचा दांडा घेताना शेतकरी तो आधी उभा धरून बघतो, छातीला लागतो का ते पाहतो, मगच पैसे देतो.

तर आम्ही मोजायला बसलो. भिंतीला पाठ लावून, पाय भुईवर सपाट ठेवून, गुडघ्याच्या खळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर. चपला काढून आणि चपला घालून, दोन्ही. आकडे फळ्यावर आले आणि अपेक्षेप्रमाणे एक हात वर झाला. "सगळ्यांची सरासरी काढूया. तेवढ्या उंचीचं स्टूल करायचं."

इथे मी मुलांना एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. १९५० च्या सुमारास अमेरिकन हवाई दलाला वैमानिकांच्या खुर्च्या आणि कॉकपिट नव्या मापाने करायचे होते. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाकडे ४,०६३ वैमानिकांची मापं होती. त्याने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली. प्रत्येक मापात मधल्या तीस टक्क्यांत जो येईल त्याला 'सरासरी' म्हणायचं, अशी बऱ्यापैकी सैल व्याख्या केली. मग दहाही मापांत सरासरी किती जण आहेत ते मोजलं. उत्तर आलं शून्य. चार हजारांत एकही नाही. कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाची छाती रुंद तर उंची कमी. सरासरी माणसासाठी बांधलेलं कॉकपिट प्रत्यक्षात कुणालाच पूर्ण बसत नव्हतं. १९५२ साली हा अहवाल आला. खुर्ची पुढेमागे, वरखाली सरकली पाहिजे हा विचार त्यातून पक्का झाला. आज गाडीची सीट आपण सरकवतो त्यामागे हा विचार आहे.

सरासरी गेली, मग धरायचं काय? इथे पर्सेंटाइल कामाला येतो. सीईटीमुळे हा शब्द महाराष्ट्रात घराघरात माहीत आहे. तुमचा पर्सेंटाइल ९५ म्हणजे शंभरातले ९५ तुमच्या मागे. शरीराच्या मापांतही तसंच. दरवाजाची उंची ठरवताना सगळ्यात उंच मंडळींचा विचार करायचा, कारण उंच माणूस गेला तर बुटका जातोच. वरचं फडताळ करताना बुटक्या मंडळींचा हात पोचतो का ते पाहायचं. बैठकीची उंची लहान मापावर ठरवायची, रुंदी मोठ्या मापावर. म्हणजे एकाच स्टुलात दोन मापं दोन वेगळ्या मुलांकडून येतात. वर्गात हे कळायला एक तास गेला. तो तास मला फार मोलाचा वाटतो, कारण सगळ्यांना चालेल असं बनवायचं तर आधी कुणाला चालणार नाही ते शोधावं लागतं, हे तिथे मुलांच्या डोक्यात शिरलं.

मग प्लाय आला, आणि गणित खरं रंगलं.

बाजारात प्लायवूडचं पान आठ बाय चार फुटांचं, म्हणजे साधारण २४४ बाय १२२ सेंटिमीटर. करवतीचं पातं दर कापाला जवळजवळ ३ मिलिमीटर भुसा करतं. स्टुलाची चौकोनी बैठक ४० सेंटिमीटरची ठेवली तर लांबीत सहा बसतात, रुंदीत तीन. एका पानात अठरा बैठका, आणि पानाचा ३ टक्क्यांच्या आसपासच भाग वाया. आता ही बैठक ४१ सेंटिमीटरची करा. फक्त एक सेंटिमीटर. लांबीत पाच बसतात, रुंदीत दोनच. अठरावरून थेट दहा! पानाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग पट्ट्या होऊन कोपऱ्यात उभा राहतो.

मुलांनी हे कागदाचे चौकोन कापून स्वतः पाहिलं, दोनदा, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. मग मी विचारलं, बसणाऱ्याला ४० आणि ४१ मधला फरक कळेल का? सगळे म्हणाले, नाही. आणि उंचीत दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तर? ती पहिली मुलगी म्हणाली, "लगेच कळतं."

शरीर काही मापांत सवलत देतं, काहींत देत नाही. सामान कुठे वाचवता येईल हे शरीराकडूनच कळतं. रुंदीत एक सेंटिमीटर सोडला तर आठ बैठका वाचतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. उंचीत लाकूड वाचवायला गेलो तर स्टूल अडगळीत जातं आणि त्यातलं सगळंच लाकूड वाया जातं. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण मुलांना पाठ आहे. घडवणाऱ्याने आधी पाय मोजायचे, मग अंथरूण बेतायचं.

सामान वाचवणं म्हणजे स्वस्तातलं घेणं, हा समज मोडायला कोल्हापुरात पुस्तक लागत नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथलं लहान मूलही सांगतं. पाणी आधी शिरणाऱ्या वस्त्यांत सुतारवाडा असतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर रस्त्याकडेला फर्निचरचे ढीग पडले होते, ते मुलांनी पाहिले आहेत. त्या ढिगांत जास्त काय होतं ते आठवा, असं मी सांगतो. लाकडाचा चुरा डिंकाने दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाची कपाटं. पाणी लागलं की चुरा फुगतो, कणांमधली पकड सुटते, आणि वाळल्यावर तो पूर्वीच्या जागी येत नाही. सागाची फळीही ओली झाली की फुगते, पण सावलीत हळूहळू वाळवली की बरीचशी मूळ मापावर येते. रंधा मारला की पुन्हा उभी. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एकावर एक काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे तो एका दिशेने सहज चिरत नाही. त्याचं आयुष्य डिंकावर ठरतं. साध्या कमर्शियल प्लायचा युरियाचा डिंक ओलाव्यात फार टिकत नाही. मरीन प्लायचा फिनॉलचा डिंक टिकतो, आणि अशा पानावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा छाप असतो. नदीकाठच्या घरासाठी काय घ्यावं, याचं उत्तर नुसत्या किमतीत सापडत नाही. किमतीला वर्षांनी भागावं लागतं.

शरीराची झीज मात्र कुठल्याच हिशोबात धरली जात नाही, याचं मला वाईट वाटतं. आमच्या वर्गात पन्हाळा, गगनबावडा भागातून शिकायला आलेली मुलं आहेत. पावसाळ्यात त्यांच्या घरी भाताची रोपलावण असते. दिवसभर चिखलात ओणवं उभं राहायचं. यावर आम्ही तरफेचं साधं गणित केलं. समजा कमरेवरच्या शरीराचं वजन ३० किलो आहे, आणि वाकल्यावर त्याचा भारबिंदू मणक्यापासून २५ सेंटिमीटर पुढे जातो. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर. ३० गुणिले २५ भागिले ५. स्नायूंना १५० किलोइतकी ओढ लावावी लागते, हातात काही नसताना. एक मुलगा आकडा लिहून बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आमची आज्जी सत्तर वर्षांची हाय."

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात तरफ असते ती पहारीची आणि अडकित्त्याची. माझं म्हणणं आहे की ती पहिल्यांदा पाठीची शिकवावी.

शाळेत हे शिकवायला जागा नाही, असं आता म्हणता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हातांनी काम करत शिकण्याची वाट घालून दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं सुचवलं आहे. कोल्हापूरइतकं यासाठी सोयीचं गाव विरळा. उद्यमनगरात नि शिरोलीला फौंड्रीत धातू ओतायच्या साच्याची वाळू मोडून पुन्हा मळतात. गुऱ्हाळावर उसाचा रस निघाल्यावर उरलेलं चिपाड वाळवून त्याच रसाच्या काहिलीखाली चुलाणात जातं.

आणि चप्पल तर आहेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या मिळून आठ जिल्ह्यांना. तिचं चामडं हिरड्याने आणि बाभळीच्या सालीने कमावतात. त्यांतलं टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांना जाऊन चिकटतं, त्यांच्यामधलं पाणी हटवतं, आणि मग कातडं कुजत नाही. कारागीर कातडं अंथरतो तेव्हा त्याला ते सगळीकडे सारखं दिसत नाही. पाठीकडचा भाग घट्ट, तो तळाला. पोटाकडचा ताणला जातो, तो तिथे चालत नाही. लहान तुकडे चपलेच्या बाजूच्या कानाला, त्याहून लहान वरच्या वेणीला. आमचं प्लायचं गणित निदान सरळ रेषेत होतं, यांचं वेड्यावाकड्या आकारात असतं, आणि ते रापीच्या, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराच्या, टोकावर सुटतं. खिळा नाही, चामड्याच्या वादीची शिवण. झिजली तर उसवून नवा तळ घालता येतो. डिंकाने चिकटवलेल्या बाजारू सँडलचं असं काही करता येत नाही.

पण ही चप्पल घालणाऱ्याच्या पायाचा जेवढा विचार झाला, तेवढा ती करणाऱ्याच्या मानेचा झालेला नाही. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. मान खाली घालून दिवसभर शिवायचं, तर तीच तरफ मानेतही चालते. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील सुभाषनगरात चपला करतात. तिच्या गटाने ठरवलं, बाबांसाठी काहीतरी करायचं. उरलेल्या प्लायच्या पट्ट्यांतून त्यांनी एक उतरता पाट केला, पूर्वी मुनीम लिहायला घेत तसा. काम वर आलं की मान कमी वाकेल, असा हिशोब. हिशोब बरोबर होता. पाट सुबक झाला. वडिलांनी तो दोन दिवस वापरला आणि मुलीबरोबर परत पाठवला.

त्यांचं कारण ऐकून आम्ही सगळेच गप्प झालो. चामडं ठोकताना खाली जड दगड लागतो, आणि दगड भुईवर लागतो. तेव्हा घाव पूर्ण चामड्यात उतरतो. पाट हलका. ठोकलं की तो उडतो, अर्धा घाव तोच खातो, म्हणजे एका जागी दोनदा ठोकायचं. मान वाचते, मनगट जातं. आम्ही त्यांची मान मोजली होती, गुडघा मोजला होता. त्यांच्या शेजारी बसून दिवसभराचं काम कुणी पाहिलं नव्हतं.

मग गट सुभाषनगरात जाऊन बसला. आता नवं चित्र वहीत आहे. थेट भुईवर बसण्याऐवजी एक बुटका पाट, म्हणजे कमरेचं हाड तेवढं मागे कलणार नाही आणि पाठीची कमान राहील. पण माणूस वर गेला की काम आणखी खाली जातं, म्हणून दगडही उचलायचा. त्याच्याखाली लाकडाचा ओंडका, उभ्या रेषांचा, जड, न उडणारा. बाभळीचा मिळाला तर उत्तम, कारण बैलगाडीच्या चाकांना ते लाकूड वापरत आले आहेत. वडिलांना किती उंच हवा ते विचारलं, तर त्यांनी तळहात आडवा धरून दाखवला. "चार बोटं. पाचवं नको."

मुलांनी त्यांची चार बोटं मोजून आणली आहेत. आता ओंडका शोधतो आहोत.