काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचा शोध : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे सांगतात की त्यांचे पणजोबा किंवा खापरपणजोबा काळ्या पाण्यावर गेले आणि पुन्हा दिसले नाहीत. लगेच पुढे सेल्युलर जेलचे नाव येते. शोधाची दिशा बहुधा येथेच चुकते. अंदमानातील पोर्ट ब्लेअरची कैद्यांची वसाहत मार्च १८५८ मध्ये सुरू झाली, तर सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू होऊन १९०६ मध्ये पुरे झाले. म्हणून १८७५ साली शिक्षा झालेला बेळगावकडील खानापूर तालुक्यातील शेतकरी तेथे पोहोचला तेव्हा ती इमारतच नव्हती. तो बेटावरील बराकीत राहून जंगलतोडीच्या किंवा रस्त्याच्या कामावर गेला असण्याची शक्यता अधिक. शिक्षा १८५८ पूर्वीची असेल, तर मुंबई इलाख्यातील कैदी मॉरिशस, पिनांग, सिंगापूर येथेही पाठविले जात. शिवाय ‘काळे पाणी’ म्हणजे अंदमानच असेही नाही. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची हद्दपारीचीच शिक्षा झाली होती, पण ती त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली. १९२१ नंतर तर अशी शिक्षा झालेले पुष्कळ कैदी देशातल्याच तुरुंगांत ठेवले गेले.

त्यामुळे आम्ही प्रथम दोनच गोष्टी विचारतो : निकाल साधारण कोणत्या वर्षी लागला, आणि त्या वर्षी आपले गाव कोणाच्या अमलाखाली होते. आपल्या सीमाभागात दुसरा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बेळगाव जिल्हा धारवाडपासून १८३६ मध्ये वेगळा झाला, म्हणून त्यापूर्वीचा खटला धारवाडच्या कागदांत शोधावा लागतो. आज बेळगाव शहरात मिसळून गेलेले शहापूर सांगली संस्थानाचे होते आणि रायबाग कोल्हापूर संस्थानाचे. तेथील गुन्ह्याचा मार्ग इंग्रजी सत्र न्यायालयातून न जाता संस्थानी दप्तरातून जातो. उलट चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होते. तेथील मंडळी आज कोल्हापूरच्या कचेरीत खेटे घालतात आणि हाती काही लागत नाही, याचे कारण एवढेच.

बेळगाव जिल्हा १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला, तरी इलाख्याच्या सचिवालयाचे जुने दप्तर मुंबईतच राहिले. म्हणून आमचा पहिला प्रवास बेंगळुरूला नव्हे, तर मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याच्या खंडांकडे असतो. फाशीची शिक्षा कमी होऊन जन्मभर हद्दपारी झाली असेल, तर वरिष्ठ न्यायालयाचा निर्णयही पाहावा लागतो. १८६२ पूर्वी ते काम सदर फौजदारी अदालतीकडे होते, नंतर मुंबई उच्च न्यायालयाकडे आले. पोर्ट ब्लेअरसंबंधीचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, गृह खात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेत मिळतो. त्याच्या काही सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात, आणि ते आपण स्वतः केल्यास आपला खर्चही वाचेल.

सर्वांत अधिक वेळ नावात जातो. त्या काळच्या कागदांत आडनाव बहुधा नसते. ‘रामा बिन सटवा’ (सटवाचा मुलगा रामा) एवढेच, सोबत जात आणि गाव. इंग्रज कारकुनाने तेच नाव प्रत्येक कागदावर निराळ्या स्पेलिंगने लिहिलेले आढळते. यासाठी बापाचे आणि आजाचे नाव खात्रीने माहीत असणे हे आजच्या आडनावापेक्षा मोलाचे ठरते. घराण्याकडे हेळवी, म्हणजे पिढीजात वंशावळ सांगणारे, येत असतील, तर त्यांच्या चोपडीतील वंशावळ आधी उतरवून घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. तीन कागदांनी सुटले नाही ते कोडे एका हेळव्याच्या पठणाने सुटते, हा आमचा अनुभव आहे. जुनी वाटणीपत्रे आणि १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतरचे फेरफार यांत गैरहजर भावाच्या वाट्याचा उल्लेख सापडू शकतो. कागद मोडीत असोत वा कन्नडमध्ये, ते जसे आहेत तसे आणावेत. लॅमिनेशन मात्र करू नये.

अंदमानातील कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे आणि त्यावर त्याचा क्रमांक, कलम, शिक्षेची आणि सुटकेची तारीख असे. तो क्रमांक मिळाला की शोध एकदम सोपा होतो, पण घरी ऐकलेल्या गोष्टींत तो कधीच नसतो. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला साधारण दहा वर्षांनंतर परवाना मिळून स्वतः कमावून राहता येई, शेती करता येई, आणि तेथील स्त्री कैद्याशी लग्नही करता येई. अशा जोडप्यांचे वंशज तेथे आजही ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखले जातात. म्हणून ‘परत आले नाहीत’ याचा अर्थ ‘तिकडेच वारले’ असा लगेच लावू नये. मात्र १९४२ ते १९४५ या जपानी अमलात तेथील पुष्कळ दप्तर नष्ट झाले. त्यामुळे काही शोध निकालापाशी आणि मुंबई बंदरातून झालेल्या रवानगीपाशीच थांबतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. हद्दपार झालेल्यांत राजबंद्यांपेक्षा खून आणि दरोड्याचे कैदी कितीतरी अधिक होते. घरात क्रांतिकारक म्हणून सांगितलेला पूर्वज कागदावर दरोडेखोर निघाला, तर आम्ही कागदात आहे तेच लिहून देतो. अर्थात ते कलम लावणारे सरकार कोणाचे होते, हेही अहवालात नोंदवतो. स्वातंत्र्यसैनिक म्हणून दाखले आम्ही देत नाही.

शुल्क दोन टप्प्यांत घेतले जाते. पहिल्या टप्प्यात वर्ष, न्यायालय आणि नावाची संभाव्य रूपे निश्चित केली जातात. ते जमले नाही तर दुसरा टप्पा आम्ही घेत नाही. पहिल्याचे शुल्क मात्र परत मिळत नाही, कारण मोडी वाचणाऱ्याचे श्रम तोवर झालेले असतात. दुसऱ्या टप्प्यात मुंबई आणि दिल्लीचा प्रवास, नकलांची फी आणि मराठी अहवाल येतो. अहवालासोबत प्रत्येक कागदाची नक्कल, तिचे मराठी लिप्यंतर आणि दप्तराचा खंडक्रमांक दिला जातो, म्हणजे कुटुंबातील कोणालाही तो कागद पुन्हा काढून पाहता येईल. प्रथम भेटीस येताना घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला सोबत आणावे. त्यांना प्रवास झेपत नसेल, तर आम्हीच त्यांच्या घरी येऊ.