ख्रिस्ती विद्यापीठातील फिजिशियन असिस्टंट अभ्यासक्रम: पुण्यातून अर्ज करणाऱ्यांसाठी पात्रता आणि कागदपत्रे

पुण्यात ‘पीए’ म्हटले की अजूनही मंत्र्यांचा स्वीय सहायकच डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे या लेखातला पीए कोण, हे आधी सांगणे भाग आहे. फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टरांच्या सहकार्याने रुग्ण तपासणारा, चाचण्या सुचवणारा आणि उपचारात भाग घेणारा प्रशिक्षित व्यावसायिक. हा अभ्यासक्रम अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये सुरू केला आणि त्याच्या पहिल्या तुकडीत नौदलातून वैद्यकीय मदतनीस म्हणून काम करून आलेले चौघे होते. भारतात त्याची सुरुवात १९९२ मध्ये चेन्नईत मद्रास मेडिकल मिशन येथे डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने झाली. अमेरिकेत हे पदव्युत्तर शिक्षण आहे, तर भारतात ते बारावीनंतरच्या पदवीचे शिक्षण आहे. भारतातील पदवीच्या आधारे अमेरिकेत परवाना मिळत नाही. म्हणून चर्चच्या मंडळीतल्या ज्या मुलामुलींना ख्रिस्ती संस्थेतच हे शिक्षण घ्यायचे आहे, त्यांनी संस्था शोधण्यापूर्वी पुढे काम कोणत्या देशात करायचे आहे, याचा निर्णय करावा. पुढच्या सगळ्या कागदपत्रांचे स्वरूप त्यावरच ठरते.

अमेरिकेचा मार्ग अधिक गुंतागुंतीचा असल्यामुळे त्याचा विचार आधी करू. संस्था कोणत्या पंथाची आहे हे पाहण्याआधी तिच्या अभ्यासक्रमाला एआरसी-पीए या संस्थेची अधिमान्यता आहे का, हे पाहावे. ही यादी त्या संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली असते. ‘तात्पुरती अधिमान्यता’ असा शेरा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही; तो नव्या अभ्यासक्रमांना दिला जातो आणि तिथले पदवीधरही परवाना परीक्षेला पात्र असतात. ‘प्रोबेशन’ म्हणजे त्रुटींमुळे अधिमान्यता निरीक्षणाखाली असल्याचा शेरा असेल तर मात्र कारण विचारल्याशिवाय अर्जाचे शुल्क भरू नये. परवान्यासाठी द्यावी लागणारी ‘पॅन्स’ ही परीक्षा ३०० प्रश्नांची असून ती केवळ अधिमान्य अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांनाच देता येते. एमबीबीएस, बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेल्यांनाही यात सूट नाही. आपल्याकडचे अनेक डॉक्टर ‘आम्हाला थेट परीक्षा देता येईल का’ असे विचारतात. त्याचे उत्तर नाही असेच आहे.

ख्रिस्ती विद्यापीठे एका साच्यातली नाहीत. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा हे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे विद्यापीठ आहे. औंध रस्त्यावरच्या स्पायसर विद्यापीठामुळे हा पंथ पुणेकरांना अपरिचित नाही. नॅशव्हिलमधील ट्रेवेका हे नाझरीन मंडळीचे, आर्कान्सातील हार्डिंग हे चर्चेस ऑफ क्राइस्टचे, तर ओमाहामधील क्रेटन आणि मिलवॉकीमधील मार्केट (Marquette) ही जेझुइट परंपरेतली कॅथलिक विद्यापीठे आहेत. काही ठिकाणी धर्माचा उल्लेख ध्येयवाक्यापुरता असतो, तर काही ठिकाणी उपासनेला उपस्थिती, मद्य व तंबाखूपासून दूर राहण्याची लेखी हमी आणि श्रद्धेविषयीचा निबंध अपेक्षित असतो. एक गैरसमज मात्र सर्वत्र आढळतो, तो असा की ख्रिस्ती संस्थेत वैद्यकीय अभ्यास थोडा कमी आणि बायबल थोडे जास्त असेल. अधिमान्यतेचे निकष सर्वांना सारखेच लागू असतात, त्यामुळे कुटुंबवैद्यक, अंतर्गत वैद्यक, शस्त्रक्रिया, बालरोग, आपत्कालीन सेवा, स्त्रीआरोग्य आणि मानसिक आरोग्य यांतले प्रत्यक्ष रुग्णानुभव कोणालाच चुकत नाहीत. ज्यांना एखाद्या उपचाराबाबत सद्सद्विवेकाचा प्रश्न पडतो, त्यांनी तो प्रवेशानंतर नव्हे, मुलाखतीतच मोकळेपणाने विचारावा.

पात्रतेत तीन गोष्टी निर्णायक ठरतात. पहिली म्हणजे पदवी. अमेरिकी पदवी चार वर्षांची असते, त्यामुळे आपली तीन वर्षांची बी.एस्सी. सर्वच विद्यापीठे समकक्ष मानत नाहीत; नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा दंतवैद्यक यांसारख्या दीर्घ पदव्यांना ही अडचण सहसा येत नाही. दुसरी म्हणजे पूर्वतयारीचे विषय. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय बहुतेकांना हवे असतात, काही विषय प्रयोगशाळेसह हवे असतात, आणि अनेक ठिकाणी ते गेल्या काही वर्षांतलेच असावेत किंवा अमेरिकी महाविद्यालयातून केलेले असावेत, अशी अट असते. तिसरी गोष्ट म्हणजे रुग्णसेवेचे तास. कुठे ५००, कुठे १०००, तर कुठे २००० तास मागितले जातात. या तीन अटींच्याही आधी एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे: ही संस्था विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्या परदेशी अर्जदारांना घेते का? अनेक पीए अभ्यासक्रम केवळ अमेरिकी नागरिक व कायम रहिवासी यांनाच प्रवेश देतात. हा प्रश्न एका ईमेलने सुटतो आणि तो न विचारल्यामुळे एक अख्खे वर्ष वाया जाऊ शकते.

बहुसंख्य अर्ज ‘कॅस्पा’ या सामाईक ऑनलाइन व्यवस्थेतून जातात. तिचे नवे सत्र दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस सुरू होते. प्रत्येक विद्यापीठाची अंतिम तारीख वेगळी असते आणि अनेक ठिकाणी अर्ज येतील तसे मुलाखतींचे बोलावणे निघते, म्हणून शेवटच्या आठवड्यात भरलेला अर्ज नियमात बसला तरी मागे पडतो. पुण्यातून अर्ज करणाऱ्यांनी किमान सात-आठ महिने आधी कागदपत्रांच्या मागे लागावे, असे माझे मत आहे.

सर्वाधिक वेळ ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा अधिकृत उतारा, खाते. ती महाविद्यालयाकडून नव्हे, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडून किंवा, वैद्यकीय व संलग्न शाखांच्या बाबतीत, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून घ्यावी लागते. गुणपत्रिकांची साक्षांकित झेरॉक्स म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. विद्यापीठाने ती परदेशी शिक्षण अमेरिकी निकषांवर तपासणाऱ्या मूल्यमापन संस्थेकडे थेट पाठवायची असते आणि डब्ल्यूईएससारखी संस्था विषयवार मूल्यमापन करून अहवाल कॅस्पाकडे देते. केवळ पदवीची समकक्षता सांगणारा स्वस्त अहवाल येथे चालत नाही. विषय, श्रेयांक आणि सरासरी दाखवणारा अहवालच मागवावा.

इथे नावाची अडचण उभी राहते. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि पुढे आईचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर तेच वेगळ्या रकान्यांत विभागलेले असते. आणि ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले नाव तिसऱ्याच ठिकाणी नोंदलेले असते. विवाहानंतर नाव बदललेल्या बहिणींची कागदपत्रे तर दोन नावांत विभागलेली असतात. पासपोर्टवरील नाव हेच मुख्य मानून अर्ज भरावा, अन्य नावे अर्जातल्या ‘इतर नावे’ या रकान्यात नोंदवावीत आणि राजपत्रात नावबदल झालेला असल्यास त्याची प्रत जवळ ठेवावी. पासपोर्टमध्येच दुरुस्ती करायची असेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आधीच घ्यावी.

रुग्णसेवेच्या तासांसाठी रुग्णालयाच्या लेटरहेडवर कालावधी, आठवड्याचे तास, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप आणि वरिष्ठांचा संपर्क नमूद केलेले पत्र घ्यावे. ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीचा काही उपयोग होत नाही. जखमेचे ड्रेसिंग केले, रक्तदाब मोजला, रुग्णाचा पूर्वेतिहास नोंदवला, असे स्पष्ट लिहिलेले असावे. पदवीतल्या इंटर्नशिपचे तास काही विद्यापीठे धरतात, काही धरत नाहीत. वैद्यकीय शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसणे ही चांगली सेवा आहे, पण ती रुग्णसेवेच्या तासांत बसत नाही. ती स्वयंसेवेच्या रकान्यात लिहावी.

शिफारशी कागदावर स्वीकारल्या जात नाहीत. शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर दुवा जातो आणि त्याने स्वतः ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. आपल्या पाळकांना किंवा फादरांना हे आधीच समजावून सांगावे, कारण सही-शिक्क्याचे सुंदर पत्र लिफाफ्यात तयार आणि ईमेल मात्र स्पॅममध्ये, असे व्हायला वेळ लागत नाही. पाळकांची शिफारस ही डॉक्टर व प्राध्यापकांच्या शिफारशींना जोड म्हणून असते, त्यांच्या जागी नव्हे. त्यांनीही ‘कुटुंब नियमित उपासनेला येते’ यावर न थांबता अर्जदाराने रुग्णभेटी, संडे स्कूल किंवा तरुण संघात नेमके काय केले, ते लिहावे.

कॅस्पाचा मुख्य निबंध रिकाम्या जागांसह ५००० अक्षरांत बसवावा लागतो आणि तो निवडलेल्या सर्व विद्यापीठांना एकच जातो. म्हणून त्यात पीए का व्हायचे हे सांगावे. श्रद्धेविषयीचा मजकूर त्या त्या विद्यापीठाच्या पूरक अर्जात लिहावा. मंडळीत साक्ष देताना जी भाषा स्वाभाविक वाटते, ती प्रवेश समितीपुढे जशीच्या तशी ठेवल्यास पोकळ वाटू शकते. त्यापेक्षा एखाद्या रुग्णाच्या उशाशी बसताना श्रद्धेने आपल्याकडून काय करून घेतले, हे साध्या शब्दांत लिहिलेले अधिक पटते. ख्रिस्ती नसलेल्या अर्जदारांनाही अनेक विद्यापीठे घेतात. त्यांनी उसनी श्रद्धा दाखवू नये. संस्थेचे ध्येय मान्य आहे की नाही आणि आचारसंहिता पाळता येईल का, एवढेच प्रामाणिकपणे सांगावे.

प्रवेश निश्चित झाल्यावर लसीकरणाची नोंद, पोलीस पडताळणी आणि व्हिसा यांची कामे येतात. बालपणी बीसीजी ही क्षयरोगाची लस घेतलेल्यांची मॅन्टू ही त्वचेवरची चाचणी क्षयरोग नसतानाही सकारात्मक येऊ शकते, म्हणून आयजीआरए ही रक्तचाचणी चालेल का, हे आधी विचारावे. व्हिसासाठी विद्यापीठाकडून आय-२० हे प्रवेशाचे प्रमाणपत्र आल्यावर ३५० डॉलर सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे) शुल्क व १८५ डॉलर व्हिसा शुल्क भरून मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत द्यावी लागते. मंडळीने खर्चाची जबाबदारी घेतली असेल तर केवळ ठरावाची प्रत पुरत नाही. बँकेचा तपशील जोडावा लागतो. त्या बदल्यात किती वर्षे मिशन रुग्णालयात सेवा करायची, हे सही करण्यापूर्वी कुटुंबासह वाचून घ्यावे.

भारतातला मार्ग तुलनेने सरळ आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र असावे लागते. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला ‘फिजिशियन असोसिएट’ या नावाने यादीत घेतले आहे, त्यामुळे माहितीपत्रकात दोन्हींपैकी कोणतेही नाव दिसू शकते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मायग्रेशन प्रमाणपत्र आणि, तमिळनाडूत प्रवेश घेतल्यास, तिथल्या डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र लागते. ख्रिस्ती अल्पसंख्याक जागेसाठी बाप्तिस्म्याचा दाखला व पाळकांचे पत्र मागितले जाते. शाळेच्या दाखल्यावर धर्माची नोंद वेगळी असेल तर ती तफावत अर्जापूर्वीच मिटवावी. अन्य धर्मीय विद्यार्थ्यांना हेही माहीत असावे की राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत स्वतःच्या, आणि अल्पवयीन असल्यास पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. प्रवेशाच्या वेळी मूळ दाखले जमा करावे लागल्यास त्यांची पोचपावती घ्यावी आणि जमा करण्यापूर्वीच प्रत्येकाच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात, कारण शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज आणि वसतिगृह या तिन्ही ठिकाणी त्याच प्रती पुन्हा मागितल्या जातात.