डूलॅली

डूलॅली हे ब्रिटिश इंग्रजीतील बोलभाषेचे विशेषण. अर्थ : डोके फिरलेला, भ्रमिष्ट. रोमन लिपीत ते डी, दोन ओ, एल, ए, दोन एल आणि वाय असे लिहितात. उच्चारात जोर मधल्या ‘लॅ’वर येतो. अमेरिकेत हा शब्द क्वचितच ऐकू येतो. वैद्यकाच्या परिभाषेत त्याला स्थान नाही.

हा शब्द म्हणजे नाशिकजवळची देवळाली. तेथे १८६१ साली ब्रिटिश लष्कराची छावणी उभी राहिली. विलायतेहून येणाऱ्या पलटणी मुंबईला उतरून तेथे थांबत आणि नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाईही मायदेशी जाण्यापूर्वी तेथेच येत. मात्र सैनिकांची ने-आण करणारी जहाजे साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. शेवटचे जहाज हुकले की सारा उन्हाळा आणि सारा पावसाळा छावणीत काढावा लागे. फ्रँक रिचर्ड्‌स या ब्रिटिश शिपायाने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आठवणींत हे दिवस नोंदवले आहेत. या लोकांकडे ना शस्त्रे होती, ना नेमून दिलेले काम. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीतरी लांबची कूच, बाकी वेळ मोकळा. वर्षानुवर्षे चोख नोकरी केलेले शिपाईही तेथे बिघडले, काहींना तर घरी जाण्याआधी तुरुंगवास घडला. विचित्र वागणाऱ्याला ‘डूलॅली टॅप’ झाला, असे शिपाई म्हणू लागले ते याच कंटाळ्यामुळे, असे रिचर्ड्‌सचे मत आहे.

यातला ‘टॅप’ म्हणजे हिंदुस्थानीतला ‘तप’, अर्थात ताप. मराठी वाचकाला तो लगेच ओळखू येईल. पूर्ण शब्दप्रयोगाचा अर्थ ‘देवळालीचा ताप’. पुढे ‘टॅप’ गळला आणि गावाचे नाव तेवढे विशेषण होऊन उरले.

देवळालीच्या उन्हाने माणसे वेडी होत, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. ते पटत नाही. देवळालीची हवा कोरडी आणि आरोग्यदायी म्हणून नावाजलेली. मुंबईच्या पारशी व गुजराती कुटुंबांनी तेथे हवापालटासाठी बंगले आणि आरोग्यधामे बांधली. दोष हवेचा नव्हता. लष्कराने माणसांना महिनोन्‌महिने बिनकामाचे अडकवून ठेवले होते आणि त्याचे खापर मात्र गावाच्या नावावर फुटले.

छावणी आजही लष्कराकडेच आहे. भारतीय सैन्याचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र तेथे चालते.