कोंबडा

कोंबडा हे ॲमरँटेसी किंवा आघाडा कुलातील वर्षायू फुलझाड आहे. त्याचे शास्त्रीय नाव सिलोशिया अर्जेन्शिया, प्रकार क्रिस्टॅटा. काही ग्रंथांत सिलोशिया क्रिस्टॅटा अशी स्वतंत्र जाती मानलेली आढळते. विदर्भातील खेड्यांत हे झाड अंगणात, सांदवाडीत, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर आणि कुंपणाच्या कडेने पावसाबरोबर आपोआप उगवते. रोपवाटिकांत मिळणारे वीतभर उंचीचे वाण निराळे. येथे विचार केला आहे तो उंच, गळलेल्या बियांवर दरवर्षी उगवणाऱ्या गावठी वाणाचा.

खोड सरळ व रेघाळ असून उंची साधारणतः १ ते १.५ मी. भरते. पाने साधी, एकाआड एक, भाल्यासारखी. तुरा लाल, किरमिजी, पिवळा किंवा केशरी असतो. हा तुरा म्हणजे एक फूल नव्हे, तर शेकडो बारीक फुलांचा फुलोरा होय. शेंड्याचा वाढबिंदू ठिपक्याएवढा न राहता रेषेसारखा पसरतो आणि फुलोरा चपटा, घड्या पडलेला होतो. या प्रक्रियेस पट्टाभवन म्हणतात. तुऱ्याचा रंग बीटाच्या कंदाप्रमाणे बीटालेन गटातील रंगद्रव्यांचा असतो.

रोप ओळखणे : जून-जुलैत निंदणाच्या वेळी कोंबड्याची रोपे हटकून उपटली जातात, कारण त्या वयात ती माठ, राजगिरा आणि कुरडू (शेतात, बांधावर आपोआप उगवणारा सिलोशिया अर्जेन्शिया) यांच्यात मिसळून जातात. माठाच्या पानाचा देठ लांब आणि टोक बहुधा किंचित खाचदार असते. कोंबड्याचे पान टोकाकडे निमुळते होते आणि तळाशी अरुंद होत आखूड देठात उतरते. काटेमाठाच्या बगलेत काटे असतात, कोंबड्याला ते कधीच नसतात. लाल तुऱ्याच्या रोपाचे खोड आणि शिरा लहानपणीच लालसर दिसतात, पिवळ्याच्या मात्र हिरव्याच राहतात. त्यामुळे पुढे येणाऱ्या रंगाचा अंदाज बांधता येतो. कुरडूपासून कोंबडा वेगळा करणे मात्र तुरा धरेपर्यंत कठीणच. कुरडूची कणसे सडपातळ, टोकाशी गुलाबी आणि खाली रुपेरी पांढरी असतात. वाळलेल्या झाडाची खात्री फळावरून करावी. तुऱ्याच्या खालच्या अंगाचा चिमूटभर भाग तळहातावर चोळला की इवल्या फळांची झाकणे निघतात आणि प्रत्येकातून काळ्या चकचकीत बिया सांडतात. माठाच्या फळात बी एकच असते, कोंबड्याच्या फळात अनेक.

मूलस्थान : स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये कुरडू व कोंबडा यांना दोन जाती म्हणून नावे दिली. १८९१ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो कुंट्झे यांनी कोंबडा हा कुरडूचाच प्रकार ठरविला आणि पुढे अनेकांनी तेच ग्राह्य मानले. झाडाचे मूळ मात्र वादग्रस्त राहिले. सिलोशिया प्रजातीच्या कितीतरी जाती आफ्रिकेत आहेत आणि नायजेरियात कुरडूची भाजीसाठी लागवड होते, म्हणून एक मत आफ्रिकेच्या बाजूचे आहे. पण त्यावरून फार तर प्रजातीचे माहेर कळते. तुरेदार रूप कोणी व कोठे जोपासले हे त्यातून निघत नाही. झाड मूळचे अमेरिकेतले असल्याचा दावा त्याहून कच्चा आहे. आठव्या शतकातील जपानी काव्यसंग्रहातील ‘काराआई’ म्हणजे कोंबडाच असे सामान्यतः मानले जाते, आणि ते खरे असल्यास कोलंबसाच्या कितीतरी आधी हे झाड पूर्व आशियात पोहोचलेले होते. आपल्याकडील निघंटूंतली (जुन्या औषधी वनस्पतिकोशांतली) ‘मयूरशिखा’ मात्र पुरावा म्हणून उपयोगी नाही. काही अभ्यासक तिला कोंबडा म्हणतात, तर काही नेचा.

गुणसूत्रांचा पुरावा अधिक वजनदार वाटतो. शेतातल्या नेहमीच्या कुरडूत ७२ गुणसूत्रे असतात (अष्टगुणित, म्हणजे आठ संच), तर कोंबड्यात ३६ (चतुर्गुणित, म्हणजे चार संच). लखनौचे टी. एन. खोशू व एम. पाल यांनी १९७३ मध्ये मध्य व दक्षिण भारतातील कुरडूच्या चतुर्गुणित वंशाकडे लक्ष वेधले आणि बागेतला कोंबडा त्यापासून आला असावा असे मांडले. अष्टगुणित कुरडूपासून तो थेट आला म्हणायचे तर गुणसूत्रे निम्मी झाली असे गृहीत धरावे लागते. त्यापेक्षा हे मत सरळ आहे. मध्य भारतात विदर्भही येतो, पण तेवढ्यावरून उगम वऱ्हाडात किंवा झाडीपट्टीत झाला असे म्हणणे घाईचे ठरेल.

बी न बदलल्यास कोंबड्याचा कुरडू होतो, असा एक समज आहे. गुणसूत्रांतील हा फरक पाहता तसे घडणे संभवत नाही. शेणखतातून किंवा बांधावरून आलेले कुरडूचे बी त्याच वाफ्यात उगवते आणि जोमाने वर येते, इतकेच. तुरा पिढीगणिक बारीक किंवा पिसाऱ्यासारखा होणे मात्र खरे आहे. निवड न करता सर्व झाडांचे बी एकत्र गळू दिल्याचा तो परिणाम होय.

अभिवृद्धी : बियांपासून करतात. बी तुऱ्याच्या माथ्यावर नव्हे, तर दांड्यालगतच्या खालच्या दोन्ही अंगांवर धरते. माथ्याकडील फुले बहुधा वांझ असतात. मधला तुरा रुंद असलेली दोन-चार झाडे दसऱ्याला न तोडता राखावीत, खालचे अंग तपकिरी झाल्यावर तुरा कापून कागदावर झटकावा आणि फोल सुपाने पाखडावे. बी कोरडे ठेवल्यास तीन-चार वर्षे उगवते. मृगाच्या पावसानंतर गादीवाफ्यावर बी विरळ फेकून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. उबदार मातीत आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. काळ्या जमिनीत पाणी साचले की रोपे बुडाशी कुजून कोलमडतात, म्हणून सपाट वाफा टाळलेला बरा. चार-सहा पानांवर असताना, मुळाशी मातीचा गोळा ठेवून, हातभर अंतरावर रोपे लावावीत. उशीर झालेले, मुळे दुखावलेले रोप लहानपणीच तुरा धरते व ठेंगणे राहते. झाड लघुदिनी प्रवृत्तीचे आहे. दिवस लहान होऊ लागले की ते फुलाकडे वळते. जूनमध्ये उगवलेल्या झाडाला वाढायला तीन महिने मिळतात, ऑगस्टमधल्याला मिळत नाहीत. गावठी वाणाची उंची मुख्यतः यावर ठरते. मोठा तुरा हवा असेल तर शेंडा खुडू नये.

तुरे दसरा-दिवाळीत झेंडूबरोबर पूजेला व हारांना वापरतात. वाळल्यावरही त्यांचा रंग बराच टिकतो. कुरडूची कोवळी पाने पावसाळी रानभाजी म्हणून खातात आणि त्याचे बी मूतखड्यावरील घरगुती उपचारात येते. कोंबड्याची पानेही खाण्याजोगी आहेत, परंतु अंगणातले झाड फुलासाठीच राखले जाते.