कठीण गोलांचे स्फटिकीकरण (संगणकीय सिम्युलेशन)

एकमेकांना ओढत नाहीत, दूर लोटत नाहीत, फक्त एकमेकांत शिरू शकत नाहीत, असे गोल दाटी वाढली की आपोआप रांगेत बसतात. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लॅस्टिक कणांच्या कलिलात हे दिसते. संगणकाने ते त्याच्या कितीतरी आधी दाखवले होते.

श्रीवर्धनच्या वाडीतली सोललेली रोठा सुपारी पिंपात ओतून हलवली, तरी ती वेडीवाकडीच बसते. सुपाऱ्या अगदी गोल आणि एकसारख्या मानल्या, तर अशा रचनेत जास्तीत जास्त सुमारे ६४ टक्के जागा भरते. थरावर थर नीट रचले तर ७४ टक्के. पण सुपारी वजनाने बसते आणि तिथेच राहते. कलिलातला कण द्रवाच्या रेणूंचे धक्के खात सतत हलत असतो, म्हणून त्याला दुसरी जागा शोधता येते.

ओढ नसताना शिस्त येते कुठून? एन्ट्रॉपीतून, म्हणजे कण किती वेगवेगळ्या प्रकारे मांडता येतात त्या मापातून. रांगेत बसल्यावर प्रत्येक गोलाला आपल्या जागेभोवती हलायला अधिक मोकळीक मिळते. एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, हे शाळेतले समीकरण इथे अपुरे पडते, आणि या विषयाचे खरे मोल मला त्यातच वाटते.

१९५७ मध्ये आल्डर आणि वेनराइट या संशोधकांनी संगणकावर गोलांच्या टकरी एकामागून एक मोजल्या. त्याच वर्षी वुड आणि जेकबसन यांनी यदृच्छ चालींची माँटे कार्लो पद्धत वापरली: एक गोल किंचित सरकवायचा, दुसऱ्यात घुसला तर चाल रद्द. संगणकातल्या काल्पनिक खोक्याच्या उजव्या भिंतीतून गेलेला गोल डावीकडून आत येतो, त्यामुळे भिंतींचा परिणाम उरत नाही. काहीशे गोलांचा असा प्रोग्रॅम आज साध्या लॅपटॉपवर चालतो. कोकणातल्या कॉलेजांतल्या मुलांनी तो स्वतः लिहून पाहावा.

गोलांनी ४९.४ टक्के जागा व्यापली की गोठणे सुरू होते; ५४.५ टक्क्यांपुढे स्थिर अवस्था पूर्ण स्फटिकाची. प्युसी आणि व्हॅन मेगन यांनी १९८६ मध्ये खऱ्या कलिलात हेच पाहिले. सुमारे ५८ टक्क्यांपुढे मात्र कण अडकतात आणि काचेसारखी अवस्था येते. सुपारीची प्रतवारी न करता लहानमोठी एकत्र केल्यासारखे आकार फार वेगवेगळे असले, तर स्फटिक बनतच नाही.

स्फटिकाचे पहिले बीज किती वेळाने पडते, हा प्रश्न अवघड आहे. आउअर आणि फ्रेंकेल यांनी २००१ मध्ये बीजे पडण्याचा दर संगणकाने काढला. दाटी कमी असताना प्रयोगातला दर त्याच्या कित्येक पटींनी जास्त निघतो.