वर्ष उलटलं म्हणजे संपलं?

मज्जारज्जूला मार लागला की घरोघरी एकच ऐकू येतं, "वर्षभरात जे येईल ते, पुढे काही नाही". पहिल्या महिन्यांत सुधारणा जास्त होते हे खरंय, पण नंतर दार बंद होतं हे साफ चूक. २०२४ मध्ये छापून आलेल्या अप-लिफ्ट चाचणीत मानेच्या दुखापतीमुळे हात निकामी झालेले ६० जण होते, मानेवर कातडीला इलेक्ट्रोड चिकटवून करंट आणि सोबत चिमटीत वस्तू पकडायचा व्यायाम, ७२ टक्के लोकांच्या हाताची ताकद आणि काम दोन्ही सुधारलं, अगदी ३४ वर्षं जुन्या केसमध्येही! ऑपरेशन नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) या उपकरणाला मंजुरीही दिली. मात्र थोडी तरी संवेदना शिल्लक हवी आणि व्यायामाशिवाय नुसत्या करंटवर विसंबू नका.